मातीची पोटीस

मित्रांनो, मी एक जुने झाड आहे, असे सांगताना मला थोडा संकोच वाटतो. माझे वय पंचावन्न. शेजारच्या टेकडीवरच्या ओकने हे ऐकले तर तो पाने सळसळवून हसेल. पण मी अमेरिकन चेस्टनट आहे, आणि या डोंगरांत माझ्या जातीच्या झाडाने वीस उन्हाळे पाहिले तरी लोक बोट दाखवतात. माझ्याहून मोठा चेस्टनट मी स्वतः कधी पाहिलेला नाही.

ऐकले मात्र पुष्कळ आहे. एके काळी हे डोंगर आमचेच होते म्हणे. जूनमध्ये आम्ही फुललो की कडेकपारी दुधाळ दिसत. पानगळीच्या दिवसांत काटेरी बोंडे उकलली की अस्वले, डुकरे, माणसे, सगळी आमच्या दाण्यांवर पोसली जात. मग परक्या देशातून आलेल्या झाडांबरोबर एक बुरशी आली. लोक तिला नुसता 'करपा' म्हणतात. ती सालीच्या भेगेतून शिरते, सालीखालचा जिवंत थर खाते आणि खोडाभोवती हळूहळू कडे करत जाते. कड्याची दोन टोके एकमेकांना भिडली की वरचे सारे झाड मरते. चाळीस वर्षांत डोंगर रिकामे झाले. उरली ती मुळे, आणि मुळांतून पुन्हा पुन्हा फुटणारे धुमारे. ते मनगटाएवढे झाले की करपा त्यांनाही गाठतो.

माझा जन्म व्हर्जिनियातल्या एका अरुंद खोऱ्यात, लेटा म्युलिन्सच्या अंगणात झाला. तो जवळजवळ झालाच नसता. या खोऱ्यातल्या बायका हाती लागेल ते दोऱ्यात ओवून चुलीवर वाळवतात: शेंगा, सफरचंदाच्या फोडी, मिरच्या. लेटाच्या मावशीच्या गावी एक चेस्टनट कसाबसा फळत होता. मावशीने त्याचे दाणे पाठवले, तेव्हा लेटाने ते सुईने टोचून सुबक माळ केली आणि शेंगांशेजारी टांगली. वसंतात पेरले. एकही उगवला नाही. मावशीचे पत्र आले, "अगं, बी पाठवलं होतं मी, मणी नव्हेत." चेस्टनटचा दाणा सुकला की आतला अंकुर मरतो, हे लेटा त्या दिवशी शिकली.

दुसऱ्या वर्षीचे दाणे तिने ओल्या वाळूत घालून, चरबीच्या जुन्या डब्यात, झऱ्यावरच्या दगडी खोलीत हिवाळाभर थंड ठेवले. त्यांत मी होते. एप्रिलमध्ये तिने आम्हाला स्वयंपाकघराच्या पश्चिमेला आडवे पेरले, बोटाच्या दोन पेरांइतके खोल. प्रत्येकावर पत्र्याचा डबा उपडा घातला. डब्याच्या बुडाला फुली कापून चारी टोके वर वाकवली होती. त्यामुळे खारीचा पंजा आत जाईना, पण कोंबाला वर यायला वाट राहिली. चारांपैकी दोन जगलो, मी आणि माझी बहीण. आमच्यात वीस पावलांचे अंतर होते. एकटा चेस्टनट नुसती पोकळ बोंडे धरतो, दाण्यासाठी दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. म्हणून आम्ही जोडीने होतो.

ती आमची चांगली वर्षे. सातव्या वर्षी दुपारची सावली स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोचली. लेटाने खाली लाकडी मेज मांडले आणि शेंगा तिथेच सोलू लागली. नवव्या वर्षी आम्ही दाणे दिले. लेटाने प्रत्येकावर सुरीने चीर पाडून ते तव्यावर भाजले आणि पहिला दाणा नवऱ्यापुढे धरला.

तिचा नवरा क्लेल. सारा जन्म लाकूड कापण्यात गेलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. त्याने दाणा चघळला आणि म्हणाला, "आमच्या वेळचे गोड असायचे."

"तुझे तेव्हा दात होते," लेटा म्हणाली.

तो हसला, पण दुसरा दाणा घेतला नाही. एक गोष्ट मला तेव्हापासून खटकत असे. क्लेल आमच्या सावलीत कधी बसत नसे. ऐन उन्हाळ्यात ओसरीवर घाम पुशीत बसेल, पण मेजाशी येणार नाही.

आमच्या चौदाव्या वर्षी माझ्या बहिणीच्या खोडावर करप्याचे, टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके उमटले. लेटा त्या दिवशी चर्चमधल्या बायकांबरोबर टोमॅटो डबाबंद करायला गेली होती. क्लेलने ठिपके पाहिले, आत गेला, यंत्रावर चालणारी साखळीची करवत घेऊन आला. तासाभरात माझी बहीण आडवी झाली. लेटा परतली तेव्हा फांद्यांचा ढीगही रचून झाला होता.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"विचारून काय ती बरी होणार होती?"

पुढच्या साली माझी बोंडे पोकळ निघाली. त्यानंतरच्या वर्षीही. लेटा ती पायाखाली चिरडून उघडायची, आतली चपटी टरफले बघायची आणि अंगण झाडायची. बहिणीच्या बुंध्यातून मात्र धुमारे फुटले आणि लेटाच्या खांद्याला लागले.

मग माझी पाळी आली. ते १९८६ साल होते, माझे सतरावे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या खोडावर, लेटाच्या छातीच्या उंचीवर, साल आत दबली आणि उभी तडकली. मला आधी काहीच दुखले नाही. फक्त एका बाजूच्या फांद्यांना पाणी पोचेनासे झाले. लेटाने तडकीतले नारिंगी ठिपके पाहिले आणि आधी मागे वळून घराकडे पाहिले. क्लेल ओसरीवर नव्हता. तिने घाईने खिशातून लोकरीचा धागा काढला, माझ्याभोवती गुंडाळला आणि मोजले. घेर अठ्ठावीस इंच. मेलेली साल अकरा इंच. तिने त्या जागी गाठ मारली आणि धागा परत खिशात टाकला.

आठवड्याने दुसरी गाठ. साडेबारा इंच.

मित्रांनो, तुम्ही कधी आपले आयुष्य धाग्यावर मोजले जाताना पाहिले आहे का? लेटा हिशोबात हुशार होती. याच वेगाने पानगळ संपेपर्यंत कडे पूर्ण होणार, हे तिला कळत होते आणि मलाही.

त्या दुपारी ती बहिणीच्या बुंध्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि खुरप्याने त्याभोवतीची माती उकरू लागली. जमिनीच्या वरची जुनी साल काळी, मेलेली होती. जमिनीच्या खाली, त्याच बुंध्याची साल पिवळसर, ओली, ताजी. दोहोंच्या मधली रेघ चाकूने मारावी इतकी सरळ होती. लेटाने त्या रेघेवरून बोट फिरवले. मग स्वतःशीच म्हणाली, "मातीत येत नाही हा. माती त्याला चालत नाही." आणि तशीच उठून माझ्याकडे आली, एप्रनला माती पुशीत.

या डोंगरांत गळवाला पोटीस बांधतात. कुणी अळशीची, कुणी कांद्याची, कुणी दुधात भिजवलेल्या पावाची. लेटाने माझ्याच मुळाशी असलेली माती खणली, पाण्यात मळून कुंभाराच्या गोळ्यासारखी केली आणि व्रणावर थापली, वर एक हात, खाली एक हात, चार बोटे जाड. वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला आणि सुतळीने आवळून बांधला.

तेवढ्यात क्लेल कुंपणाकडून आला. बरोबर शेजारचा हॉबर्ट होता. गाव त्याला तोंडाळ म्हणते, पण कुणाच्याही मदतीला पहिला तोच जातो.

"हे काय?" क्लेलने विचारले.

"पोटीस."

"झाडाला?"

"गळू झालंय त्याला."

हॉबर्टने टोपी काढली. "लेटाबाई, एरंडेलही पाजा एक चमचा. पोट साफ होऊ दे."

"तुलाच पाजते आधी. जिभेला गुण येईल."

क्लेल हसला नाही. तो माझ्यापासून पाच पावलांवर उभा राहिला, जवळ आला नाही. "लेटा, याला करपा आहे. हे मरणार. वाळलं की छपरावर पडेल. हिरवं आहे तोवर पाडलं तर लाकूड तरी हाती लागेल."

"साल जिवंत आहे अजून. अर्ध्याहून जास्त."

"आज आहे."

"मग आजच का कापतोस?"

त्याने छपराकडे पाहिले. मग म्हणाला, "सप्टेंबरचा पहिला शनिवार. तोवर तुझं औषध कर. त्या दिवशी मी करवत लावणार. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले तुझ्यापुढे?" लेटा म्हणाली आणि हात धुवायला गेली.

सप्टेंबरचा पहिला शनिवार. मला दिवस मोजता येत नव्हते, पण सूर्य डोंगराच्या कोणत्या खाचेत मावळतो हे मला कळत असे, आणि तो रोज थोडा दक्षिणेला सरकत होता.

त्यात पाऊस रुसला. जुलै कोरडा गेला, ऑगस्ट त्याहून कोरडा. पोटीस सुकली तर माती सालीपासून सुटते, आणि सुटली की तिचा काही उपयोग नाही. लेटा रोज संध्याकाळी झऱ्यावरून बादली आणायची आणि प्लॅस्टिकच्या वरच्या कडेने आत पाणी ओतायची. झऱ्याची धार बोटाएवढी झाली होती. क्लेल ओसरीवरून बघायचा. "माणसांना पुरेना," एकदा म्हणाला. लेटाने त्या दिवसापासून भांडी घासायचे पाणी वेगळे ठेवले आणि पिण्याच्या पाण्याचा स्वतःचा पेला अर्ध्यावर आणला. मी खिडकीशीच उभे आहे, मला ते दिसे.

आत काय चालले आहे, हे कुणालाच दिसत नव्हते. मलाही नीट कळत नव्हते. व्रणाची एक कड बधिर होती. दुसऱ्या कडेला एक बारीक रेटा जाणवे, आतून बाहेर येणारा. तो जगण्याचा होता की सडण्याचा, ते सांगता येत नव्हते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निरोप आला की लेटाची थोरली बहीण पायरीवरून पडली, मांडीचे हाड मोडले. लेटाला जाणे भाग होते. तिने पिशवी भरली, मक्याचे पाव झाकून ठेवले आणि क्लेलला माझ्यापासून पाच पावलांवर उभे केले.

"रोज एक बादली. वरच्या कडेनं, हळू."

क्लेलने तिची पिशवी उचलली.

"क्लेल."

"ऐकलं."

"ऐकलंस ते मला माहीत आहे. करशील का?"

"बस निघेल," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी पाणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मातीला आतून तडा गेल्याचे मला जाणवले. तिची वरची कड सालीपासून सुटली आणि फटीतून गरम हवा आत शिरली. क्लेल रोज अंगणात यायचा, बादलीपाशी थांबायचा आणि परत जायचा. चौथा दिवस. पाचवा दिवस. माझ्या टोकाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या.

आणि शनिवार उजाडला.

क्लेल सकाळी दहाला आला, हातात करवत. त्याने मेज ओढून बाजूला केले. मी कोणत्या बाजूला पडावे, याचा अंदाज घेत एक फेरी मारली. लाकूडतोड्याची नजर ती, चुकत नाही. मग खिशातला चाकू काढून त्याने सुतळी कापली. प्लॅस्टिकची खालची कड कापायच्या जागेवर येत होती, म्हणून ते काढायला हवे होते. त्याने ते ओढले. सुकलेली माती खापरांसारखी खाली पडली. त्याने दोरी ओढून यंत्र चालू केले. सारे अंगण त्या आवाजाने भरून गेले. दाते फिरत होते. ते माझ्यापासून वीतभर अंतरावर आले.

तिथे थांबले.

क्लेल वाकून बघत होता. मग त्याने यंत्र बंद केले. इतकी शांतता झाली की त्याचा श्वास ऐकू येत होता. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात मला लागला. त्याने व्रणाच्या कडेवर अंगठा ठेवला आणि खालून वर फिरवला. मेलेल्या सालीच्या दोन्ही बाजूंनी नवी साल ओठासारखी वळून पुढे आली होती, करंगळीएवढी जाड. त्याने नखाने जरा खरवडले. आत हिरवे होते. नारिंगी ठिपका एकही नव्हता.

हॉबर्ट फाटकातून आत आला, खांद्यावर दोर टाकून. "काय रे, साखळी तुटली?"

"नाही."

"मग?"

क्लेल मेजाच्या कडेवर बसला. माझ्या सावलीत बसला. "हॉबर्ट, छत्तीस साली कड्यावरचं मोठं झाड कापलं, तुला आठवतं?"

"चार माणसांच्या कवेत न मावणारं? आठवतं की. तुझ्या बापानं कापलं."

"मी दुसऱ्या टोकाला होतो. दोन दिवस करवत ओढली आम्ही." तो बोटांवरची हिरवी साल बघत होता. "त्याच्यावर एक डाग नव्हता. एकसुद्धा नाही. फुललं होतं, वरून तुरे अंगावर पडत होते. मी म्हटलं, बाबा, हे निरोगी आहे. तर म्हणाले, आज आहे. उद्या मरणारच, आज कापू, लाकूड तरी मिळेल. सगळ्यांनी तसंच केलं. जी वाचली असती तीही कापली."

हॉबर्टने खांद्यावरचा दोर खाली ठेवला.

"लेटाला सांगितलंस कधी?"

"नाही." क्लेल उठला. "बादली घे. ओढ्यातनं गाळ आण. मी झऱ्यावर जातो."

"ओढ्याचा चालतो का? लेटाबाई मुळापासची घेतात."

"मग खण की मुळाशी! उभा काय राहिलास?"

दोन सत्तरीचे म्हातारे दुपारभर माती मळत होते. एकमेकांवर खेकसत होते. थर कुठे जाड, कुठे पातळ झाला. हॉबर्टने एकदा विचारले, "वरनं लोणी लावायचं का?" आणि क्लेल अखेर हसला. मातीचा गारवा सालीला भिडला तेव्हा मला काय वाटले, ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, मित्रांनो. झाडांना फक्त पाणी वर चढवता येते. मी ते चढवले.

चार दिवसांनी लेटा आली. पिशवी हातात तशीच, आधी माझ्याकडे. तिने पोटीस पाहिली. तिची सुतळी साध्या गाठीची असे. ही लाकडाचे ओंडके बांधणाऱ्याची, दोनदा वळसा घालून आत खोवलेली गाठ होती. तिने गाठीवर हात ठेवला. क्लेल ओसरीवर पेपर वाचत असल्याचे दाखवत होता.

"क्लेल, इथं कुणी पोटीस बदलली?"

"हॉबर्ट असेल. रिकामटेकडा आहे."

"हो ना," लेटा म्हणाली. "जेवलास का?"

एवढेच. पण पुढच्या उन्हाळ्यात शिडी लागण्याइतक्या उंचीवर नवा डाग दिसला तेव्हा तो क्लेलनेच आधी पाहिला. करपा डोंगरातून जात नाही, तो हवेत आहे. माती एक व्रण बरा करते, पुढचा अडवत नाही. दर जुलैत क्लेल माझ्याभोवती फिरायचा, मान वर करून, एकेक वीत तपासत. बहिणीच्या बुंध्यातल्या धुमाऱ्यांनाही त्याने पोटिसा बांधल्या. ते फुलले तशी माझी बोंडे पुन्हा भरली, आणि म्हातारा सावलीत बसून दाणे खाऊ लागला. लेटा विचारायची, "गोड आहेत का?" तो म्हणायचा, "बरे आहेत."

ते दोघे आता नाहीत. घरात त्यांची मुलगी नोरीन राहते. ती मायाळू आहे. पानगळीत दाणे वेचते आणि ओल्या वाळूत ठेवून शेजाऱ्यांना वाटते. माझ्या खोडावर तेवीस व्रण आहेत, सगळे मिटलेले. ते बघून लोक म्हणतात, हे झाड आता पक्के झाले, याला काही होत नाही.

मित्रांनो, तसे नसते. जे एकदा वाचले, ते कायमचे वाचले असे लोक धरून चालतात. या वर्षी जूनमध्ये माझ्या उत्तरेच्या बाजूला, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, एक डाग आला आहे. तिथे घेर चव्वेचाळीस इंच आहे. आज डाग अठरा इंचांवर पोचला. खाली मेजाशी नोरीन शेंगा सोलते आहे आणि पाहुण्यांना माझी गोष्ट सांगते आहे. सगळे माझे खोड बघतात, जुन्या व्रणांवरून बोटे फिरवतात.

तुमच्याही अंगणात, रस्त्यावर, शाळेत एखादे झाड असेल. त्याच्या सावलीतून जाताना कधी थांबा. खोड तुम्ही पाहिलेच असेल. जरा मान वर करून बघा.